योजनेच्या नावामागचा माणूस : ठक्करबाप्पा

ठक्करबाप्पा हे नाव तुम्हाला नवीन नाही. पेठ, सुरगाणा, कळवण, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, दिंडोरी या भागात कोणत्याही आदिवासी पाड्यावर जा. रस्त्याच्या कडेला, समाजमंदिराच्या भिंतीवर नाहीतर पाण्याच्या टाकीवर ‘ठक्करबाप्पा आदिवासी वस्ती सुधारणा कार्यक्रम’ असे लिहिलेले दिसते. ग्रामपंचायतीच्या बैठकीत तर हे नाव इतके रुळले आहे की, यंदा ठक्करबाप्पातून किती कामे आली, असे आपण सहज विचारतो. पण ठक्करबाप्पा कोण, हे विचारले तर दहापैकी आठ जण गप्प बसतात. काहींना तर ‘बाप्पा’ म्हटल्यावर गणपतीच आठवतो.

गुजरातीत ‘बापा’ म्हणजे वडील. दाहोदकडच्या भिल्लांच्या मुलाबाळांनी एका इंजिनिअरला बापा म्हटले आणि पुढे साऱ्या देशाने तेच नाव उचलले. या माणसाचे चरित्र आज सांगण्याचे कारण एवढेच की, आदिवासी मुलाचे आणि त्याच्या घराचे रक्षण करणारे जे कायदे आपल्या तालुक्यांना लागू आहेत, त्यांच्या पायाभरणीत या माणसाचा हात होता. आणि ते कायदे चालवायचे काम आता तुमच्या-आमच्या ग्रामसभेकडे आले आहे.

पुण्यात शिकलेला इंजिनिअर

अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८६९ रोजी भावनगर येथे झाला. गांधीजींचा जन्म त्याच वर्षी ऑक्टोबरात झाला. म्हणजे दोघे अगदी बरोबरीचे. अमृतलाल पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले आणि १८९० साली परीक्षा पास झाले. काठेवाडातील संस्थानांत नोकरी केली. काही वर्षे थेट आफ्रिकेत युगांडा रेल्वेच्या कामावर काढली. परत आल्यावर सांगली संस्थानात इंजिनिअर झाले. गोपाळ कृष्ण गोखले आणि धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा परिचय याच काळातला. या परिचयाने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली.

पुढे मुंबई महापालिकेत नोकरी लागली. शहराचा कचरा वाहून नेणाऱ्या रेल्वेच्या कामावर कुर्ल्याकडे त्यांची नेमणूक होती. तिथे त्यांनी सफाई कामगारांच्या वस्त्या पाहिल्या. पगार हातात पडतो न पडतो तोच पठाण सावकार दारात उभा. मुद्दल तसेच राहते आणि व्याज फेडता फेडता बायकापोरे उपाशी राहतात. विठ्ठल रामजी शिंदे यांचे काम त्यांच्या नजरेसमोर होतेच. मग या कामगारांना कर्जातून सोडवण्यासाठी सहकारी पतपेढीचा मार्ग त्यांनी धरला. पुढच्या सगळ्या कामाचे सूत्र इथेच सापडते, ते नीट ध्यानात ठेवा. मुलांना शाळेत आणायचे तर आधी बापाच्या मानेवरचे कर्ज उतरले पाहिजे.

१९१४ साली, वयाच्या पंचेचाळिशीत, त्यांनी चांगल्या पगाराची नोकरी सोडली आणि गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. तिथे मिळणार ते पोटापुरते मानधन.

आणेवारीची लढाई

शेतकरी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. १९१७-१८ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात अतिवृष्टीने पिके गेली. पीक चार आण्यांपेक्षा कमी आले तर साऱ्याची वसुली तहकूब करावी, असा सरकारचाच नियम. पण अधिकाऱ्यांनी कागदावर आणेवारी जास्त दाखवली आणि वसुलीचा तगादा लावला. त्या वेळी गावोगाव फिरून प्रत्यक्ष पीक पाहून हिशेब मांडणाऱ्यांत अमृतलाल ठक्कर होते. पुढे खेड्याचा सत्याग्रह झाला, त्याच्या आधीची ही तयारी. कागदावरची आणेवारी आणि वावरातले पीक यांत अंतर असते, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको. ते अंतर मोजायचे तर पायी फिरून, आकडे लिहून घेऊनच मोजावे लागते, हा या माणसाचा स्वभाव. हिशेबाला काटेकोर, प्रवासाला न थकणारा आणि बोलण्यापेक्षा टिपणावर भर देणारा.

दाहोदचे भिल्ल

१९२२ च्या सुमारास पंचमहाल जिल्ह्यात दुष्काळ पडला. दाहोद आणि झालोद तालुक्यांत भिल्लांची वस्ती. ठक्कर धान्यवाटपाच्या कामावर गेले आणि तिथली स्थिती पाहून तिथेच राहिले. दुष्काळ एका वर्षाचा असतो, पण सावकाराचे खाते पिढ्यान् पिढ्या चालते, हे त्यांनी पाहिले. बी-बियाणे सावकाराकडून, लग्न सावकाराच्या पैशाने, औतकाठीही सावकाराची. जमीन कधी हातची गेली ते घरच्यांना कळतही नसे.

१९२२ मध्येच त्यांनी भील सेवा मंडळ काढले. तरुण कार्यकर्ते जमवले आणि भिल्लांच्याच मुलखात आश्रम आणि शाळा सुरू केल्या. तिथे मुले राहत, शिकत, शेती आणि सूतकताई करत. शाळेच्या जोडीला दवाखाना आणि सहकारी पतपेढी आली, दारूविरुद्धचा प्रचारही चालला. आज आपण जिला आश्रमशाळा म्हणतो, तिच्या आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक. या मंडळात तयार झालेले लक्ष्मीदास श्रीकांत पुढे १९५० साली देशाचे पहिले अनुसूचित जाती-जमाती आयुक्त झाले, यावरून या कामाचा पल्ला लक्षात यावा.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी जमातींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. तिच्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते आणि ठक्करबाप्पाही होते. १९३० साली अहवाल आला. मुलांना सरकारी शाळेत बिनतक्रार प्रवेश, शिष्यवृत्त्या, वसतिगृहे अशा शिफारशी त्यात होत्या. त्यानंतर मुंबई इलाख्यात मागासवर्गासाठी स्वतंत्र अधिकारी आणि खाते आले. आज ज्याला आपण समाजकल्याण आणि आदिवासी विकास म्हणतो, त्या सरकारी वाटेची ही सुरुवात.

१९३२ साली पुणे करारानंतर हरिजन सेवक संघ स्थापन झाला, त्याचे सरचिटणीस ठक्करबाप्पाच. १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या. त्यांच्या स्मरणार्थ ७५ लाखांचा निधी उभारण्याचे ठरले आणि तो खेड्यातील बायका आणि मुलांसाठीच खर्च करायचे ठरले. त्या निधीचे काम पाहणारे चिटणीसही तेच. वय तेव्हा पंचाहत्तरीला आलेले.

पेठ आणि कळवणचा संबंध

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १९३५ चा कायदा झाला आणि १९३६ साली इंग्रज सरकारने देशातल्या आदिवासी भागांची यादी केली. मुंबई इलाख्याच्या यादीत दाहोद आणि झालोद होते, ठाणे जिल्ह्यातील डहाणू, शहापूर, मोखाडा होते, पश्चिम खानदेशातले नंदुरबार, तळोदा, शहादा, नवापूर होते आणि नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुका व पेठ पेटाही होता. यांना अंशतः वगळलेले प्रदेश म्हणत. म्हणजे काय, तर निवडून आलेल्या मंत्रिमंडळाचा कारभार इथे चालेल, पण कोणताही कायदा गव्हर्नर लागू करील तेव्हाच आणि तो ठरवील त्या स्वरूपातच लागू होईल. बाप्पांचे दाहोद आणि आपले पेठ एकाच यादीत होते, हे ध्यानात घ्या.

त्याच दशकाच्या अखेरीस बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याकडून या सर्व प्रदेशांची पाहणी करवली. ठाणे जिल्ह्यातील लग्नगड्यांची प्रथा त्या काळी सरकारी कागदावर आली. वारली तरुणाने लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि त्या बदल्यात तो आणि त्याची नवी बायको दोघांनी जमीनदाराच्या घरी राबायचे. कर्ज फिटत नसे. मूल झाले की तेही गुरांमागे. संसार सुरू होतो त्या दिवशीच तो गहाण पडतो, असा हा प्रकार. ही गाठ नुसत्या अहवालाने सुटली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या लढ्यात वारली स्वतः उभे राहिले, तेव्हा ती तुटली.

घटनेतले कलम

१९४७ साली घटना समितीने आदिवासी प्रदेशांसाठी दोन उपसमित्या नेमल्या. ईशान्येकडच्या भागासाठी गोपीनाथ बार्डोलोई यांची, आणि उरलेल्या सगळ्या देशासाठी ठक्करबाप्पांची. तेव्हा बाप्पांना अठ्ठ्याहत्तरावे वर्ष चालू होते. झारखंडचे जयपालसिंग मुंडा याच उपसमितीवर होते. या समित्यांच्या अहवालांतून पुढे घटनेचे पाचवे आणि सहावे परिशिष्ट तयार झाले. आपल्याला लागू आहे ते पाचवे.

पाचव्या परिशिष्टात काय आहे, हे साध्या भाषेत बघू. अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा जसाच्या तसा लागू करायचा की बदल करून, हे राज्यपाल ठरवू शकतात. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतर ते रोखू शकतात. सावकारीवर बंधन घालू शकतात. त्यासाठी आदिवासी सल्लागार परिषदेचा सल्ला घ्यायचा. मुलांचा किंवा कुटुंबाचा शब्द त्यात नाही. पण जमीन आणि कर्ज हे दोनच विषय तिथे नाव घेऊन का आले, याचे उत्तर कुर्ल्याच्या वस्तीत आणि दाहोदच्या दुष्काळात आहे. घर टिकले तर मूल शिकेल, हा त्यामागचा विचार. शिवाय शिक्षणाची विशेष काळजी सांगणारे ४६ वे कलम आणि वेठबिगारीला बंदी करणारे २३ वे कलम घटनेत आलेच.

१९४८ साली भारतीय आदिमजाती सेवक संघ स्थापन झाला. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष आणि कामाचा भार बाप्पांवर. जानेवारी १९५१ मध्ये भावनगरला त्यांचे निधन झाले.

एक वाद, अजून न मिटलेला

थोर माणसाचे चरित्र सांगताना त्याच्यावरची टीका झाकून ठेवू नये. मध्य प्रांतात गोंडांमध्ये राहिलेले व्हेरिअर एल्विन यांचे म्हणणे वेगळे होते. बाहेरून आलेले सुधारक आदिवासींचे नाच-गाणे, देव, रीतीभाती मोडून टाकतील आणि हाती काही देणार नाहीत, अशी त्यांना भीती वाटे. बाप्पांचे म्हणणे असे की, आदिवासींना वेगळे ठेवणे म्हणजे त्यांना सावकाराच्या ताब्यात ठेवणे. त्यांनी देशाच्या कारभारात बरोबरीने आले पाहिजे. १९४१ साली पुण्यात गोखले संस्थेत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी हाच प्रश्न मांडला होता. जमीन आणि सावकार या बाबतीत मात्र दोघांचे एकमत होते.

एल्विन यांची भीती अगदीच खोटी नव्हती, हे जगात इतरत्र दिसले. अमेरिका आणि कॅनडात आदिवासी मुलांना घरातून उचलून दूरच्या निवासी शाळांत ठेवले गेले. तिथे आईची भाषा बोलायला बंदी, कपडे-केस बदललेले. पिढ्या तुटल्या. शेवटी अमेरिकेला १९७८ साली कायदा करावा लागला की, आदिवासी मुलाला घराबाहेर ठेवायची वेळ आली तर आधी नातेवाइकांचा आणि त्याच्या जमातीचा विचार करावा. कॅनडाने २००८ मध्ये माफी मागितली आणि असाच कायदा केला. तो १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. त्यात मुलांच्या आणि कुटुंबांच्या सांभाळाचा अधिकार त्या जमातींचा स्वतःचा मानला आहे.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. आपल्या आश्रमशाळा सक्तीच्या नाहीत आणि सुटीत मूल घरी येते, हा मोठा फरक आहे. राज्यात सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळा आहेत, अनुदानित वेगळ्या, आणि त्यांचे आयुक्तालय आपल्या नाशकातच आहे. त्यांच्यामुळे हजारो मुले शिकली, शिक्षक झाली, सरपंच झाली. पण सहा-सात वर्षांचे लेकरू आईपासून लांब ठेवायचे, तर त्याची कोकणी, वारली, भिली बोली शाळेत कोण समजून घेणार? रात्री ताप आला तर कोण उठणार? हे प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही विचारायचे आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला दुसरी वाट दाखवली होती. मुले अंगणात असतील तर अंगणवाडी, गुरांमागे रानात असतील तर कुरणशाळा. मुलाला शाळेकडे ओढण्याऐवजी शाळाच मुलाकडे गेली.

कायदा आहे, पण दार कोण ठोठावणार?

बाप्पांच्या पश्चात कायद्यांची भर पडत गेली. महाराष्ट्रात १९७४ पासून आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. १९७६ साली वेठबिगार पद्धत कायद्याने बंद झाली. १९९६ साली पेसा कायदा आला; त्याने जमीन परत मिळवणे आणि सावकारीवर नियंत्रण ठेवणे हे अधिकार ग्रामसभा आणि पंचायतींच्या हाती दिले. राज्याचे नियम २०१४ मध्ये झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने नवरा-बायको दोघांच्या नावे वनपट्टा देण्याची तरतूद केली, म्हणजे घरची बाई आता कागदावर आली. २००६ च्याच कायद्याने बालविवाह रोखण्याची जबाबदारी ठरली. गावपातळीवर ती ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आहे.

तरीसुद्धा काय घडले? सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच इगतपुरी तालुक्यातील कातकरी वस्तीवरची मुले थोड्या पैशांच्या आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला दिली गेल्याचे उघडकीस आले. दहा वर्षांची एक मुलगी त्यात दगावली. गुन्हे दाखल झाले, मुलांची सुटका झाली. पण ही मुले शाळेत नाहीत, हे कोणाच्याच वहीत कसे नव्हते? घरात जमिनीचा तुकडा नाही, जातीचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, हाताला काम नाही, अशी स्थिती असेल तर आई-बाप काय करणार? जुन्या लग्नगड्यापासून ही गोष्ट किती लांब आहे, तुम्हीच सांगा.

म्हणून ठक्करबाप्पांच्या नावाने नुसता काँक्रीटचा रस्ता झाला की काम संपले, असे समजू नका. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागायतदारांनाही हे सांगणे आहे. छाटणीला सुरगाणा-पेठेहून कुटुंबे येतात. त्यांची पोरे बागेच्या कडेला झोपडीत दिवस काढतात. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत आणि अंगणवाडीत त्यांचे नाव घालायला दाखल्यासाठी अडवता येत नाही. मुख्याध्यापकांकडे एक खेप घालायला तुमचे काय जाते?

आणि पाड्यावरच्या कारभाऱ्यांनो, २ ऑक्टोबरची ग्रामसभा बहुतेक कुटुंबे कामाला बाहेर पडण्याच्या आधी येते. त्या दिवशी तीन याद्या करा. कोणती कुटुंबे कुठे कामाला जाणार आणि त्यांची कोणती मुले मागे राहणार, ही पहिली. कोणाकडून उचल घेतली आणि तिच्या बदल्यात कोणी राबते आहे का, ही दुसरी. जातीचा दाखला, रेशनकार्ड, वनपट्टा यांतले कोणाकडे काय नाही, ही तिसरी. पहिली यादी शाळेत द्या, दुसरी प्रांत कार्यालयात आणि तिसरी तहसील व प्रकल्प कार्यालयात. पेसा गावांना मिळणाऱ्या पाच टक्के अबंध निधीतून शिक्षण आणि आरोग्याची कामे घेता येतात, तेही ठरावात घाला. एखादे मूल कुठे कामाला जुंपलेले दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.

गावोगाव फिरून, टिपण काढून, हिशेब मांडूनच बाप्पा खेड्यात आणि दाहोदमध्ये कामाला लागले होते. तुमच्या पाड्याच्या याद्या तयार झाल्या की त्यांची एक प्रत पंचायतीच्या फलकावरही लावा, ठक्करबाप्पा योजनेच्या पाटीशेजारी.